मास्तरांची काळी चार

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, रंगभूमीवरच्या गोड आठवणी लिहून पाठवा. गोड आठवणी माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण त्या इतक्या सत्कारांत सांगून झाल्या आहेत की आता मलाच त्यांचा कंटाळा येतो. सध्या माझ्याकडे आहे तो राग. तो चालणार असेल तर लिहिते. शिवाय काही वर्षांपूर्वी याच वार्षिक अंकात माझी मुलाखत छापून आली होती आणि तिच्यात मी एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती. ती खोटी होती. मला तेव्हा ते माहीत नव्हतं, पण म्हणून ती खरी होत नाही. जिथं छापली तिथंच ती खोडलेली बरी.

आधी माझा धंदा काय होता ते सांगते, कारण आता तो उरलेला नाही. सातारा-सांगलीकडच्या गावांत जत्रेला गावचीच मंडळी नाटक बसवायची. काही गावांना संगीत नाटकाचाच नाद. राजा गावचा, प्रधान गावचा, विदूषक तर हमखास गावचा, आणि तो विदूषक एरवीही तसाच वागायचा. नायिका मात्र बाहेरून बोलवावी लागे, कारण गावातली बाई उभी राहायला तयार झाली तरी तिच्या घरचे सोडत नसत. ती बाहेरची नायिका म्हणजे मी. सांगलीहून दुपारच्या एसटीनं निघायचं, सरपंचांच्या घरी चहा घ्यायचा आणि देवळाच्या ओट्यावर बसून तोंडाला रंग लावायचा. बारा नाटकांतल्या नायिकांच्या नकला मला पाठ होत्या. नक्कल म्हणजे एका पात्राच्या वाट्याची सगळी भाषणं आणि पदं. वही एकदा नजरेखालून घातली की माझं भागायचं. तालमीवाचून उभी राहते याचा मला मोठा तोरा होता.

कुंडलच्या बाजूच्या एका गावात राजाचं काम सुट्टीवर आलेल्या हवालदाराकडे होतं. उंच, देखणा, आवाज खणखणीत. भाषणं त्यानं पलटणीत पाठ केली होती. पण नायिकेचं पद सुरू झाल्यावर राजानं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो सावधान उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत लाजून लाजून गाते आहे आणि हा पठ्ठ्या छाती काढून लोकांच्या डोक्यावरून पलीकडे बघतोय. मी पदराआडून पुटपुटले, जरा सैल उभे राहा. त्यानं पाय आपटून विश्राम घेतला. सगळा मांडव हसायला लागला. त्यात समोरच त्याचे वडील बसलेले, त्यामुळे मला 'प्रिये' म्हणायची त्याची हिंमत होईना. जिथं जिथं 'प्रिये' आलं तिथं तिथं तो 'आवं' म्हणाला. हसणं काही थांबेना आणि मला माझा सूर ऐकू येईना. तेव्हा खाली पेटीवर बसलेल्या माणसानं माझं पद पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं, आणि लोक गप्प होईपर्यंत तो तीच ओळ घोळवत राहिला. मांडव शांत झाला आणि त्यानं मला मानेनं खूण केली. मी जणू काही झालंच नाही अशी गायला लागले.

तो माणूस म्हणजे शंकर गुरव, आमचे पेटीमास्तर. राहणारे रहिमतपूरचे. त्यांचे वडील देवळात सनई वाजवायचे. मास्तरांनी पायपेटी धरली. ही पेटी, म्हणजे ऑर्गन, टेबलाएवढी असते आणि पायानं भाता मारत दोन्ही हातांनी वाजवतात. रंगमंचाच्या समोर, लोकांकडे पाठ करून मास्तर बसायचे आणि पेटीवरून माझ्याकडे बघायचे. एकतीस वर्षं हा माणूस माझ्या तोंडाकडे बघत वाजवत होता. पेटीची पाठ माझ्याकडे असल्यामुळे त्यांची बोटं कुठं आहेत हे मला कधी दिसलं नाही. सूर जुळवतानाही मी त्यांच्या समोरच उभी राहायची. बघायची गरज वाटली नाही. मी श्वास घ्यायला डावा खांदा जरासा उचलते. मला स्वतःला ते माहीत नव्हतं, मास्तरांना होतं. खांदा उचलला की मधली जागा ते सुरानं भरून काढायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं बाईंचा दम संपतच नाही.

एकदा महाबळेश्वरला हॉटेलवाल्यांच्या कार्यक्रमात धुक्यानं माझा घसा धरला. वरची तान तोंडातून निघेना. मास्तरांनी ती तान पेटीवर उचलली, पुरी केली आणि अलगद माझ्या हातात आणून दिली. लोकांनी वन्समोअर दिला. मी नमस्कार घेतले, मास्तरांचं नाव घ्यायचं राहिलं. परतीच्या गाडीत मला उगीच बोचायला लागलं म्हणून मी तसं बोलले, तर म्हणाले, तान तुमचीच होती, मी नुसती उचलली. असल्या बोलण्याची माणसाला सवय होते. मला झाली.

आता पट्टीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. गाणाऱ्यानं आपला सा जिथं धरायचा ती त्याची पट्टी. माझी काळी चार. बाईसाठी ही चांगली चढी पट्टी आहे, आणि त्या पट्टीत वरच्या सा ला जाऊन तिथं थांबायचं म्हणजे छातीत दम लागतो. वय झालं की आवाज खाली येतो, सगळ्यांचाच येतो, आणि समजूतदार माणसं पट्टी उतरवून घेतात. मी समजूतदार नव्हते.

साताऱ्याच्या इंदूताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्याही माझ्यासारख्याच गावोगाव जाणाऱ्या, आणि खरं सांगायचं तर अभिनयात माझ्याहून सरस. साताऱ्यात एका कार्यक्रमात आम्ही दोघी होतो, साथीला दोघींनाही मास्तरच. गायला बसण्याआधी इंदूताई वाकून मास्तरांना हळूच म्हणाल्या, अर्धी पट्टी खाली घ्या. मी ते ऐकलं. माझी पाळी आली तेव्हा माईकसमोर उभी राहून मी म्हणाले, "पट्टी उतरली की बाईनं तोंडाचा रंगही उतरवावा. माझी काळी चार ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी मी रंग पुसेन." टाळ्या पडल्या. इंदूताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यानंतर त्या कुठं गायल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मला त्या वाक्याचा इतका अभिमान वाटला की पुढे, गळ्याचं ऑपरेशन झाल्यावरही, प्रत्येक सत्कारात मी ते म्हटलं, आणि या अंकातल्या मुलाखतीतही तेच म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात सांगलीतल्या एका मंडळानं माझा सत्कार ठरवला. तोपर्यंत जत्रेतली नाटकं बंद पडून बरीच वर्षं झाली होती, तरी वर्षाकाठी दोन-तीन कार्यक्रम मला मिळायचे आणि मास्तर साथीला असायचे. सत्कारात 'संगीत मंदारवती'मधला एक प्रवेश करायचा, दोन पदं गायची असं ठरलं. हे नाटक आमच्याकडच्याच एका हेडमास्तरांनी लिहिलेलं, या दोन जिल्ह्यांबाहेर कुणाला माहीत नाही. मंडळाचा संयोजक प्रणव नावाचा तिशीतला माणूस. अतिशय नम्र. मला 'मॅम' म्हणायचा. मी नाटकातली बाई आहे, मला आयुष्यभर लोक 'बाई' म्हणत आले, पण ते जाऊ द्या. तो म्हणाला, "मॅम, साथ ट्रॅकवर करू. ऑर्गन आणायचा, त्याला माईक लावायचे, बॅलन्स होत नाही. पुण्याच्या स्टुडिओत सुंदर ट्रॅक करून घेतो."

ट्रॅक म्हणजे आधीच वाजवून ठेवलेली साथ. बटण दाबलं की सुरू होते आणि तुम्ही मेलात तरी संपेपर्यंत थांबत नाही.

मी विचारलं, मास्तरांचं काय? तर म्हणाला, त्यांचं आता वय झालंय, हात थरथरतो, त्यांना पहिल्या रांगेत बसवू, शाल देऊ. माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षं ज्या माणसानं माझा श्वास सांभाळला त्याला तुम्ही शाल पांघरून गप्प बसवणार? मी पुष्कळ बोलले. प्रणवनं सगळं नम्रपणे ऐकून घेतलं आणि पत्रिका छापायला गेली असल्याचं सांगितलं. मी सत्कारच नाकारायला हवा होता. नाकारला नाही. सातारा-सांगलीच्या बाहेर माझं नाव कधी गेलं नव्हतं, आणि या वेळी पुण्या-मुंबईची माणसं येणार होती. मोह झाला, हे कबूल करते.

त्यानं विचारलं, मॅम, पट्टी कोणती? मी तोऱ्यात सांगितलं, काळी चार. ट्रॅक तयार झाल्यावर तो दोनदा तालमीला बोलवायला आला. मी गेले नाही. ज्या पदाला हजार वेळा उभी राहिले त्याची तालीम एका यंत्राबरोबर काय करायची, असा माझा राग होता. तालमीवाचून उभं राहायची माझी जुनी खोड माझ्या रागाच्या मदतीला आली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मास्तर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, शाल मांडीवर घेऊन. पडदा उघडला. ट्रॅकचा पहिला सूर आला आणि तो मला नको तितका वर वाटला. घाबरलीस, म्हणून मी स्वतःलाच दटावलं आणि तोंड उघडलं. पहिली ओळ ओढाताण करत निघाली. दुसरीला गळ्याच्या शिरा ताणल्या. अंतऱ्यात वरच्या सा ला जायचं होतं. मी खांदा उचलला, श्वास घेतला, पण ट्रॅक पुढं निघून गेलेला. मी धावत गाठायला गेले आणि वरच्या सा वर माझा आवाज चिरफाळला. असा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. मी सवयीनं समोर खाली बघितलं. तिथं पेटी नव्हती. मास्तरांची खुर्चीही रिकामी होती. ट्रॅक आपला तालात चाललेला. उरलेलं पद मी बोलून काढलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी वाईट गायले तेव्हा गावाकडच्या मांडवातून लोकांनी उठून विड्या ओढायला जावं, हे मला चालतं. ह्या लोकांनी माझी कीव केली.

आत आल्यावर मी प्रणवला धरलं. तुम्ही पट्टी चढवून ठेवली, मला बोलवून माझी फजिती केली, असं वाटेल ते बोलले. त्यानं मोबाईल काढला, ट्रॅकचा सूर लावून मला दाखवला. "मॅम, काळी चारच आहे. तुम्ही सांगितलीत तीच." तो खोटं बोलतोय असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यानं मोबाईल खिशात ठेवला. मास्तर कुठं आहेत विचारलं, तर कुणी म्हणालं, पद सुरू झाल्याबरोबर उठून गेले. शाल खुर्चीवरच राहिली होती.

घरी माझ्याकडे रियाजासाठी तंबोऱ्याचा विजेवर चालणारा डबा आहे. हा डबा मास्तरांनीच आणून दिलेला आणि त्यांनीच लावून दिलेला. पट्टीच्या चकतीवर त्यांनी चिकटपट्टी लावली होती आणि सांगितलं होतं, ही हलवू नका, लय नाजूक काम असतंय. वर्षा-दोन वर्षांनी ते यायचे, डबा 'साफ' करायचे आणि नवी चिकटपट्टी लावून जायचे. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी नखानं ती चिकटपट्टी काढली. खूण पांढरी चारवर होती. काळी चारच्या तीन पायऱ्या खाली.

लोक विचारतील, गाणाऱ्या बाईला हे कळलं कसं नाही? नाही कळलं. मला सूर दिला की तो धरून गाता येतं, सुराचं नाव मला ऐकून सांगता येत नाही. अर्धी अर्धी पट्टी, वर्षांच्या अंतरानं, आणि दर वेळी सूर देताना मास्तरांचं 'काळी चार' ऐकून मी निर्धास्त. म्हणजे कित्येक वर्षं मी जिथं जिथं त्या वाक्याची शेखी मिरवली तिथं तिथं माझी पट्टी उतरलेलीच होती, आणि हे माहीत असलेला एकच माणूस माझ्यासमोर बसून वाजवत होता.

मी पहिल्या गाडीनं रहिमतपूरला निघाले. सगळ्या रस्त्याला मी शिव्या गोळा करत होते.

मास्तर घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसले होते. मला बघून सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहा नको म्हणाले आणि उभ्यानंच सुरू केलं. तुम्ही मला फसवलंत, गावोगाव माझं हसं केलंत, तुमच्यापेक्षा तो ट्रॅक बरा, तो निदान खोटं तरी बोलत नाही. हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलले. मास्तर शेंगा फोडत राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमच्या गळ्याच्या आपरेशनानंतर. तवा अर्धी घेतली. तुमी वर पोचला, वन्समोअर आला. मग दोन-तीन वर्सांनी आनी अर्धी, मग आनी येकदा."

"मला सांगायचं होतं."

"इंदूबाईंला तुमी काय बोल्ला व्हता, त्ये मी तिथंच बसून ऐकलंय, बाई. त्या माझ्याच पेटीवर गात व्हत्या."

 माझा राग एवढा वेळ प्रणववर होता, ट्रॅकवर होता, मास्तरांवर होता. तो सगळा फिरून माझ्याकडे आला. इंदूताईंनी स्वतःच्या तोंडानं सांगून जे केलं तेच मास्तरांनी माझ्यासाठी चोरून केलं, कारण मी ते उघडपणे करू देण्याच्या लायकीची नव्हते. इंदूताई साताऱ्यात असतात आणि हा अंक त्यांच्याकडे जातो असं मला कळलं आहे. इंदूताई, मी चुकले. तुमचं गाणं मी बंद पाडलं. हे माईकवर सांगायला हवं होतं, पण आता मला माईक मिळत नाही.

मी खाली बसले. मास्तरांना विचारलं, मग काल उठून का गेलात, माझी फजिती बघवेना म्हणून?

"जाईन कशाला? पयला सूर ऐकला आनी कळालं, ह्ये काळी चार लावून बसल्यात. तुमाला सांगाय आत यीत व्हतो. दारातला माणूस म्हणला, आजोबा, आत जाता येत नाही. त्याला किती सांगितलं, आवं, मी बाईंचा पेटीवाला हाय. त्यो म्हणला, आज पेटी नाही."

शेंगा फोडणारा त्यांचा हात थांबला होता. त्यांनी पुढची शेंग उचलली, ती दोनदा बोटांतून निसटली.

"आनी सांगितलं का न्हाई म्हणून इचारताय. सांगितलं असतं तर तुमी रंग पुसला असता. तुमी शब्दाच्या लय पक्क्या. मग मी कुणासाठी वाजवलं असतं?"

सून चहा घेऊन आली. या वेळी मी घेतला. कप खाली ठेवला. मग मास्तर म्हणाले, भांडून झालं असंल तर पेटी उघडतो. पेटी आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली होती, वर सुनेनं गोधड्या रचल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून गोधड्या उतरवल्या. पेटी भिंतीला असल्यामुळे समोर उभं राहायला जागाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी मास्तरांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदा त्यांची बोटं बघितली.

त्यांनी पायानं भाता मारला. धूळ उडाली.

"काळी चार," मास्तर म्हणाले.

त्यांचं बोट पांढरी तीनवर होतं. पांढरी चारच्याही खाली. मी बघत होते, आणि मी बघते आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मी डोळे वटारले. त्यांनी बोट काढलं नाही, नजरही काढली नाही. सूर खोलीभर वाजत राहिला.

मी खांदा उचलला.